हार्डशिप नावाचा ड्रॉपडाउन

गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारलाय. तिघंही अमेरिकेत एमएस केलेले, तिघांच्याही डोक्यावर खाजगी कंपनीचं शैक्षणिक कर्ज. नोकरी एकाची गेलेली, दुसऱ्याची जाणार असं दिसतंय आणि तिसरीला अजून लागायचीच आहे. प्रश्न असा, की "कर्जवाल्यांना फोन केला तर ते म्हणतात तीन महिने हप्ता थांबवून देतो. घेऊ का?"

प्रत्येकाला चॅटवर तेच तेच लिहायचा कंटाळा आला. म्हटलं, या शनिवारी एकदाच काय ते लिहून टाकू. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी स्वतः याच रांगेत उभा होतो, आणि तेव्हा केलेली एक्सेल शीट अजून माझ्याकडे आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच चहा टाकायला जाऊ शकतात. खाजगी कर्जावर जी 'हार्डशिप'ची सवलत मिळते, ती म्हणजे पहिल्या कर्जाच्या पोटात ठेवलेलं दुसरं कर्ज. गरज पडली तर घ्यावं, पण कर्ज आहे हे समजून घ्यावं. आणि ही सवलत कोणाला, किती आणि कुठल्या भावाने मिळणार, हे सही करायच्या दिवशी कागदावर छापलेलं असायला हवं. फोनवरच्या माणसाच्या मर्जीवर ते सोडणं मला अजिबात पटत नाही.

आता पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. (इकडच्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.)

अमेरिकेत शैक्षणिक कर्जाच्या दोन जाती. एक सरकारी, म्हणजे फेडरल. दुसरी खाजगी, म्हणजे बँका, क्रेडिट युनियन आणि निव्वळ कर्ज देण्याचाच धंदा असलेल्या कंपन्या. एकूण शैक्षणिक कर्ज १.७ लाख कोटी डॉलरच्या वर आहे, त्यात खाजगीचा वाटा साधारण बारा डॉलरमागे एक डॉलर. त्यामुळे टीव्हीवर आणि निवडणुकीत जे 'स्टुडंट लोन, स्टुडंट लोन' ऐकू येतं ते जवळजवळ सगळं सरकारी कर्जाबद्दल असतं. मार्च २०२० मध्ये कोव्हिडमुळे फेडरल हप्ते थांबले, व्याजदर शून्यावर आला, आणि व्याज पुन्हा सुरू झालं ते थेट सप्टेंबर २०२३ मध्ये. साडेतीन वर्षं! खाजगी कर्जवाल्यांना त्यातलं काहीही मिळालं नाही. बायडेन सरकारची कर्जमाफी, जी ३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केली, तीही फेडरल कर्जांचीच होती. पगाराच्या प्रमाणात हप्ता भरायची सोय, तीही फेडरलच.

आणि आपली मुलं? एफ-१ व्हिसावर आलेल्याला फेडरल कर्ज मिळतच नाही. २०२४-२५ या वर्षात अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. त्यातल्या ज्यांनी कर्ज काढलं त्यांनी ते फेडरल सोडून बाकी कुठून तरी काढलं. म्हणजे एकतर भारतातली बँक किंवा एनबीएफसी, बहुतेक वेळा आईवडिलांचा फ्लॅट तारण ठेवून. नाहीतर इथली खाजगी कंपनी, पण त्यासाठी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला कोसाइनर हवा. किंवा मग कोसाइनर न मागणाऱ्या, तुमच्या भावी पगारावर पैसे लावणाऱ्या कंपन्या, ज्यांचे दर बघून पोटात गोळा येतो. मी दुसऱ्या वाटेने आलो. माझा आत्येभाऊ एडिसनला राहतो, त्याने सही केली. त्याच्याबद्दल पुढे.

आता ती एक्सेल शीट. आकडे माझे नाहीत, समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत. ५०,००० डॉलर कर्ज, १२ टक्के दर, दहा वर्षं मुदत. हप्ता बसतो ७१७ डॉलर. दहा वर्षांत एकूण भरणार ८६,०८२.

नोकरी गेली. तुम्ही फोन केलात आणि वर्षभर हप्ता थांबवून घेतलात. याला इथे फॉरबेअरन्स म्हणतात. बऱ्याच कंपन्या एकावेळी तीनेक महिने देतात आणि पूर्ण कर्जाच्या आयुष्यात मिळून बारा महिने. या बारा महिन्यांत हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. महिना ५०० डॉलर प्रमाणे ६,००० डॉलर व्याज साचतं आणि शेवटी ते मुद्दलात जाऊन बसतं. मुद्दल झालं ५६,०००. पुढे पुन्हा दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता ८०३ डॉलर आणि एकूण भरणा ९६,४१३. फरक १०,३३१ डॉलर! म्हणजे वर्षभरात जे ८,६०८ डॉलर तुम्ही 'वाचवलेत' ते तर तुम्ही भरणारच आहात, वर हे दहा हजार वेगळे. आणि व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात टाकलं तर मुद्दल ५६,२७५ होतं, म्हणजे आणखी थोडं वाढवून.

आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण शाळेत निबंधात बरीच वापरली. तिचा खरा अर्थ या शीटच्या एफ कॉलममध्ये दिसला.

हेच दुसऱ्या पद्धतीने करून बघा. हप्ता पूर्ण न थांबवता वर्षभर फक्त व्याज भरलंत, म्हणजे महिना ५००, तर मुद्दल जागच्या जागी राहतं आणि जास्तीचा खर्च सहा हजारावर थांबतो. वरच्या उदाहरणापेक्षा ४,३३१ डॉलर कमी. हे ४,३३१ म्हणजे निव्वळ व्याजावरचं व्याज. आता तिसरा प्रकार. कंपनीने वर्षभरासाठी दर १२ वरून ४ टक्क्यांवर आणला आणि तुम्ही फक्त व्याज भरलंत, तर महिना १६७ डॉलर आणि वर्षाचा जास्तीचा खर्च २,००० डॉलर. बेकारीत ७१७ भरणं अशक्य आहे, पण १६७ एखाद्या मित्राकडून उसने घेऊनही भरता येतात. वर्षभरासाठी दर उतरवून देण्याची योजना काही कंपन्यांकडे असते. माझ्या कंपनीकडेही होती. पण ती मला सांगितली कोणी आणि कधी, ही गंमत ऐका.

पहिल्या फोनवर बाई अतिशय गोड बोलल्या. नोकरी गेल्याचं ऐकून वाईट वाटलं म्हणाल्या, आणि तिसऱ्या मिनिटाला तीन महिन्यांचा फॉरबेअरन्स "मंजूर करून टाकू का?" असं विचारलं. मी विचारलं, याशिवाय काय आहे? "सर, माझ्या स्क्रीनवर तुमच्या खात्याला हाच पर्याय दिसतोय." चार दिवसांनी पुन्हा फोन केला. दुसरा माणूस. त्याच्या स्क्रीनवर दोन पर्याय होते. दुसरा म्हणजे फक्त व्याज भरण्याचा. तिसऱ्या फोनवर मी स्वतःच विचारलं, की दर कमी करण्याची काही योजना आहे का? पलीकडे शांतता, कीबोर्डचा आवाज, मग "त्यासाठी दुसऱ्या विभागाकडे पाठवतो." त्या दुसऱ्या विभागाने माझं उत्पन्न-खर्चाचं पत्रक मागितलं आणि सांगितलं, की ही योजना आहे, पण ती सहसा हप्ता थकल्यानंतर देतात. तुमचा तर एकही थकलेला नाही!

म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला महाग सवलत, आणि स्वस्त सवलत हवी असेल तर आधी थकवा, क्रेडिट रिपोर्ट खराब करून घ्या, मग या.

मी पोटापाण्यासाठी अशाच स्क्रीन बनवतो. कर्जाच्या नाही, विम्याच्या, पण जात तीच. त्यामुळे मला एक गोष्ट ठाऊक आहे. ड्रॉपडाउनमध्ये पहिलं काय यावं, काय लपवावं, कुठला पर्याय 'सुपरवायझरची परवानगी' या खिडकीमागे ठेवावा, हे आपोआप ठरत नाही. कोणीतरी मीटिंगमध्ये ते ठरवतं, कोणीतरी तिकीट लिहितं, आणि माझ्यासारखा कोणीतरी गुरुवारी दुपारी ते कोड करून घरी जातो. फोनवरच्या बाईंचा काही दोष नाही. त्यांच्या कॉलची मिनिटं मोजली जात असणार, आणि फॉरबेअरन्स हा सगळ्यात कमी मिनिटांत संपणारा पर्याय आहे. एक क्लिक. उत्पन्नाचं पत्रक वाचायला वीस मिनिटं लागतात.

हा नुसता माझा संशय नाही. जानेवारी २०१७ मध्ये इथल्या ग्राहक संरक्षण संस्थेने, सीएफपीबीने, नॅव्हिएंट या मोठ्या कंपनीवर खटला भरला. त्यातला एक मुख्य आरोप हाच होता: पगाराप्रमाणे हप्त्याचा चांगला पर्याय उपलब्ध असताना कर्जदारांना एकामागून एक फॉरबेअरन्सकडे वळवलं. जानेवारी २०१० ते मार्च २०१५ या काळात त्यातून चार अब्ज डॉलरपर्यंत व्याज मुद्दलात चढलं, असं संस्थेचं म्हणणं होतं. ती कर्जं फेडरल होती, म्हणजे जिथे चांगला पर्याय कायद्यानेच दिलेला होता तिथली ही कथा. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये १२ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये याच कंपनीने ३९ राज्यांच्या महाधिवक्त्यांशी वेगळी तडजोड केली होती. त्यात साधारण ६६,००० लोकांची मिळून १.७ अब्ज डॉलरची खाजगी कर्जं रद्द झाली. खाजगी कर्जदारांना एकगठ्ठा दिलासा मिळाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण, आणि तेसुद्धा मिळालं ते वकिलांच्या रेट्यामुळे.

आता व्हिसावाल्यांचं एक खास दुखणं. ओपीटीवर असताना एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. (स्टेमच्या वाढीव काळात त्यात आणखी ६० मिळतात.) एच-१बीवर नोकरी गेली तर ६० दिवस. आणि फॉरबेअरन्सचा पहिला तुकडा तीन महिन्यांचा. म्हणजे तुमची सवलत आणि तुमचा अमेरिकेतला मुक्काम साधारण एकाच आठवड्यात संपतो. त्यानंतर खरी हार्डशिप सुरू होते, कारण आता तुम्ही हिंजवडीत रुपयात पगार घेताय आणि हप्ता डॉलरमध्येच आहे. २०१५ मध्ये डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या वर गेला. ७१७ डॉलरचे रुपये करून बघा, मग पुण्यातल्या फ्रेशरचा पगार आठवा. माझ्या बॅचचा एकजण असाच परत गेला. त्याने बारातले नऊ महिने इथेच नोकरी शोधताना वापरून टाकले होते. परत गेल्यावर फोन केला तर उरले तीन. कंपनीच्या नियमांत 'देश सोडावा लागला' अशी अडचणीची वर्गवारीच नाही. बेकारी आहे, आजारपण आहे, नैसर्गिक आपत्ती आहे. व्हिसा नाही.

मला ७१ व्या दिवशी नोकरी लागली, म्हणून मी हे इथे बसून लिहितोय. त्यात माझ्या हुशारीपेक्षा एका मॅनेजरच्या रिकाम्या जागेचा हात जास्त आहे.

आता दादा. आपल्याकडे पतपेढीच्या कर्जाला जामीन राहणं हा एक नाजूक विषय असतो, आणि त्यावरून तुटलेली नाती प्रत्येकाच्या घराण्यात एकतरी असतातच. इथला कोसाइनर म्हणजे जामीनदाराच्याही पुढची पायरी. तो बरोबरीचा कर्जदार. मी हप्ता चुकवला आणि कंपनीने क्रेडिट ब्युरोला कळवलं, तर माझ्याइतकाच त्याचाही स्कोअर पडणार. मी सवलतीचा अर्ज भरला तेव्हा कंपनीने एक पत्र त्यालाही धाडलं. त्याचा फोन आला.

"अरे, तुझ्या लोनचं काहीतरी पत्र आलंय. हप्ता राहिला का?"

"नाही दादा. अजून तारीखही आली नाहीये. मी आधीच अर्ज केलाय."

"हं. नाही, म्हणजे आमचं नव्या घराचं लोन मंजूर व्हायचंय ना पुढच्या महिन्यात. म्हणून विचारलं. तू टेन्शन घेऊ नकोस."

"तू टेन्शन घेऊ नकोस" हे तो स्वतःलाच सांगत होता. वहिनीने विषयसुद्धा काढला नाही. रविवारी जेवायला ये म्हणाली आणि निघताना चार डबे बांधून दिले. तो आठवडा मला बेकारीपेक्षा त्या डब्यांनी जास्त जड गेला. सवलतीचा अर्ज भरताना 'उत्पन्न', 'खर्च', 'अवलंबून असलेल्या व्यक्ती' असे रकाने असतात. ज्याने तुमच्यासाठी सही केली त्याच्यासमोर मान खाली घालून पोळी तोडायची, याला रकाना नाही.

कोसाइनरच्या बाबतीत कायदा किती मागे होता बघा. कोसाइनर वारला किंवा त्याने दिवाळं काढलं, तर विद्यार्थी नियमित हप्ते भरत असला तरी पूर्ण कर्ज एकदम मागायचं, असं कलम करारात असायचं. ते थांबवायला २०१८ साल उजाडावं लागलं. त्या कायद्याने नव्या कर्जांपुरती ती पद्धत बंद केली, आणि विद्यार्थीच वारला तर कोसाइनरला मोकळं करणं सक्तीचं केलं. इतकी साधी माणुसकी. तीही कंपन्यांनी आपणहून सरसकट दाखवली नाही, कायदा करावा लागला. म्हणूनच 'कंपन्या समजूतदारपणे वागतील' या युक्तिवादावर माझा विश्वास नाही.

कोणी म्हणेल, फारच झालं तर दिवाळखोरी आहेच की. अमेरिका म्हणजे दिवाळखोरीतून उठून पुन्हा धंदा करणाऱ्यांचा देश! तर तेही दार या कर्जाला जवळजवळ बंद आहे. सरकारी शैक्षणिक कर्जं दिवाळखोरीत माफ होऊ नयेत याची सुरुवात १९७६ मध्ये झाली. २००५ च्या कायद्याने खाजगी शैक्षणिक कर्जंही त्यात ओढली. क्रेडिट कार्डावर उडवलेले पैसे माफ होऊ शकतात, शिक्षणाचे नाही. अपवाद एकच, 'अवाजवी हालअपेष्टा' सिद्ध करणे. ते कसं करायचं हे १९८७ च्या ब्रुनर खटल्यात ठरलं: आज किमान राहणीमान जमत नाही, हे पुढेही बराच काळ असंच राहणार आहे, आणि तुम्ही फेडायचा प्रामाणिक प्रयत्न केलात, या तिन्ही गोष्टी दाखवा. त्या खटल्यातली मेरी ब्रुनर वकिलाशिवाय स्वतःच भांडली आणि हरली. कोर्टाने तिच्या विरोधात जे मोजलं त्यातली एक गोष्ट अशी, की तिने हप्ते पुढे ढकलून मागितलेच नव्हते. पुढे ढकलून मागा तर कर्ज फुगतं, न मागा तर प्रामाणिक नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

(एक तांत्रिक टीप. खाजगी म्हणून आलेलं प्रत्येक कर्ज या कुंपणात बसतंच असं नाही. कॉलेजच्या खर्चाला न जोडता थेट विद्यार्थ्याच्या हातात दिलेल्या कर्जांबाबत न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने जुलै २०२१ मध्ये कर्जदाराच्या बाजूने निकाल दिलाय. त्यामुळे प्रकरण त्या थराला गेलं तर वकिलाला कागद दाखवा, स्वतः ठरवू नका.)

आता आपल्याकडे काय आहे ते बघू, कारण 'अमेरिकेत असंच असतं' म्हणून सोडून देणं सोपं आहे. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने मोरेटोरियम जाहीर केला, तेव्हा तो बँका आणि एनबीएफसी सगळ्यांच्या मुदतकर्जांना लागू होता, शैक्षणिक कर्जासकट. ऑगस्टअखेरपर्यंत तो चालला. व्याज चढतच होतं, पण २३ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की त्या काळासाठी व्याजावर व्याज कोणाकडूनही घ्यायचं नाही, घेतलं असेल तर परत करा किंवा पुढच्या हप्त्यात वळतं करा. माझ्या शीटमधल्या ४,३३१ डॉलरचा हिशेब हुबेहूब तो नाही, पण तत्त्व तेच आहे. ज्याला भरता येत नाही म्हणून वेळ दिलात, त्या वेळेवर नफा काढू नका.

शिवाय आपल्या बँकांच्या संघटनेची, आयबीएची, जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आहे तिच्यात चक्क लिहिलंय, की कर्जदार बेकार झाला किंवा तुटपुंज्या पगारावर असला तर कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा हप्त्यांना विराम देता येईल. आता ही ओळ तुमच्या शाखेतल्या साहेबांना माहीत आहे का, तर शंभरातल्या किती साहेबांना असेल यावर मी पैज लावणार नाही. ते 'वरून आदेश नाही' म्हणतील. आणि एनबीएफसी त्या योजनेला बांधील नाहीत, त्यांचं पुन्हा 'आमच्या धोरणानुसार'. पण निदान बँकेत गेल्यावर बोट ठेवायला एक ओळ आहे. अर्ज करताना तीच ओळ उतरवून काढा.

इथे नेमकं तेवढंच हवंय. खाजगी शैक्षणिक कर्ज देताना ठरावीक नमुन्यातला माहितीचा कागद देणं सक्तीचं आहे. त्यावर व्याजदर असतो, एकूण किती भरणार ते असतं. एक वाक्य असंही असतं, की तुम्ही दिवाळखोरीत गेलात तरी हे कर्ज फेडावं लागू शकतं. म्हणजे बुडालात तर आम्ही सोडणार नाही, हे सांगायला जागा आहे! मग त्याच कागदावर चार ओळींचा तक्ता का नाही? नोकरी गेली तर किती महिने, त्या काळात दर किती, व्याज मुद्दलात मिळवणार की बाजूला ठेवणार, कोसाइनरला काय कळवणार. कंपन्यांनी फुकट पैसे वाटावेत असं माझं म्हणणं नाही. बेकारांना दर उतरवून द्यायचा खर्च त्यांनी मूळ व्याजात धरला तर धरू दे. निदान मला दोन कंपन्यांची तुलना तरी करता येईल. आज आपण पाव टक्क्यासाठी तीन तीन वेबसाइट पालथ्या घालतो आणि ज्या अटीने दहा हजारांचा फरक पडतो ती विचारतही नाही, कारण ती छापलेलीच नाही.

आणि हा प्रश्न आता फक्त देशी मुलांचा राहणार नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने, १ जुलै २०२६ पासून नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे फेडरल कर्ज बंद करायचं ठरवलं आणि बाकी फेडरल कर्जावरही मर्यादा घातली. १ जुलै २०२७ नंतरच्या फेडरल कर्जांवर बेकारी आणि आर्थिक अडचण या कारणांनी मिळणारं डिफरमेंटही काढून टाकलंय. म्हणजे अमेरिकन मुलंही आमच्या रांगेत येणार. त्यांना मत देता येतं, आम्हाला नाही. त्यामुळे थोडी आशा वाढते, हा माझा आपला स्वार्थी हिशेब.

तोवर ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी. फोन हप्ता चुकण्याआधी करा. तीस दिवस उलटले की नाव क्रेडिट ब्युरोकडे जातं, आणि साधारण चार महिने थकलं की कंपनी खातं बुडीत धरून सगळी रक्कम एकदम मागते. फोनवर आधी दर कमी करण्याबद्दल विचारा, मग फक्त व्याज भरण्याबद्दल, आणि 'फॉरबेअरन्स' हा शब्द समोरून येईपर्यंत तुम्ही उच्चारू नका. घ्यावाच लागला तर एक-एक महिन्याचा मागा, एकदम तीन नको, म्हणजे बारातले शिल्लक राहतील. त्या काळात जमतील तसे पन्नास-शंभर डॉलर व्याजात भरत राहा. ऑटोपेची पाव टक्का सूट या काळात जाते का, आणि कोसाइनरला मोकळं करण्यासाठी लागणाऱ्या सलग हप्त्यांची मोजणी पुन्हा शून्यावर येते का, हे दोन प्रश्न विचाराच. बऱ्याच ठिकाणी उत्तर 'हो' असतं. रीफायनान्सच्या जाहिराती सध्या बघू नका, पगार नसलेल्याला ते उभं करत नाहीत.

जे काही ठरेल ते लेखी मागा. फोनवर "हो सर" म्हणाले तर त्याच दिवशी खात्याच्या मेसेज बॉक्समध्ये तारीख, वेळ आणि बोलणं लिहून पाठवा. माझ्या बाबतीत पाचव्या आठवड्यात जो कमी दर मिळाला, तो अशाच एका मेसेजला उत्तर म्हणून मिळाला, फोनवर नाही. सहा महिन्यांसाठी होता, पुरला. उत्तरच आलं नाही तर सीएफपीबीकडे तक्रार करता येते. २०२५ मध्ये त्या संस्थेवरच कर्मचारी कपातीची कुऱ्हाड आली आणि प्रकरण कोर्टात गेलं, त्यामुळे फक्त तिच्या भरवशावर राहू नका. न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत विद्यार्थी-कर्जासाठी वेगळा अधिकारी आहे, तिथेही एक प्रत टाका.

आणि कोसाइनरला पत्र जायच्या आधी तुमचा फोन जाऊ दे. तो कंपनीच्या फोनच्याही आधी करा. कंपनीला करायचा असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी करा. सोमवारी चाळीस मिनिटं तेच ते पियानो ऐकावं लागतं, मी मोजलंय.